स्टॉक कार, वरचष्मा आणि तुल्यबळ

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींच्या, म्हणजे नॅसकारच्या, नियमांनी श्रीमंत संघांचा ‘अ‍ॅडव्हान्टेज’ मर्यादित करावा का, या वादावर मराठीत लिहायचं आहे. पहिल्या खर्ड्यात ‘साठा-गाड्यांची शर्यत’, ‘फायद्याला आळा’ आणि ‘समतल मैदान’ असे शब्द उतरले. ते चालतील का? नसतील तर काय लिहावं?

तिन्ही चालणार नाहीत. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे आणि ते कळायला या शर्यतींचे नियम थोडे पाहावे लागतात.

‘स्टॉक’पासून सुरुवात करू. हा स्टॉक दुकानाच्या साठ्यातलाच, पण विशेषण झाल्यावर त्याचा अर्थ ‘विक्रेत्याकडून आली तशी, काहीही न बदललेली’ असा होतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये यासाठी तयार शब्द आहे: कंपनी फिटिंग. ‘गाडी अजून कंपनी फिटिंगच आहे’ म्हटलं की मेकॅनिकला कळतं, काही खोललेलं नाही, काही बाहेरून बसवलेलं नाही. नॅसकारची १९४९ची मालिका ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ नावाची होती. तिला ‘निव्वळ कंपनी फिटिंग’ म्हटलं तर अर्थ नेमका पोचतो.

हा अर्थ किती काटेकोर धरला गेला, ते पहिल्याच शर्यतीत दिसलं. १९ जून १९४९, शार्लटचा मातीचा ट्रॅक. ग्लेन डनअवे १९४७च्या फोर्डमधून पहिला आला. शर्यतीनंतरच्या तपासणीत मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला. चोरट्या दारूची वाहतूक करणारे ही युक्ती वापरत: मागे माल भरला तरी गाडी बसू नये, वळणावर डोलू नये म्हणून. डनअवे बाद झाला आणि लिंकन गाडी घेऊन आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवलं गेलं. गाडीच्या मालकाने दावा लावला, तो कोर्टात टिकला नाही. म्हणजे ‘स्टॉक’ हा शब्द त्या दिवशी अक्षरशः नियम होता.

पुढच्याच वर्षी मालिकेचं नाव बदलून ‘ग्रँड नॅशनल’ झालं आणि शब्द हळूहळू सैल होत गेला. १९६९-७० मध्ये तर उलटी गंगा वाहिली. बाजारातली गाडी शर्यतीत आणण्याऐवजी शर्यतीची गाडी बाजारात आणली गेली. डॉज चार्जर डेटोना आणि प्लिमथ सुपरबर्ड या टोकदार नाकाच्या, मागे उंच पंख लावलेल्या गाड्या काही ठरावीक संख्येने ग्राहकांना विकल्या, एवढ्यावरच त्या ‘स्टॉक’ ठरल्या. १९७१ साठी नॅसकारने अशा गाड्यांना ३०५ घनइंचांपेक्षा मोठं इंजिन नाकारलं आणि तो प्रकार संपला. आजच्या गाडीत तर कंपनी फिटिंग असं काहीच नाही. बाहेरून कॅमॅरो, मस्टँग किंवा कॅमरी दिसते. आत ट्यूबचा सांगाडा आणि फक्त शर्यतीसाठी बांधलेलं व्ही-८ इंजिन.

म्हणून सल्ला: शर्यतीच्या प्रकाराचं नाव म्हणून ‘स्टॉक कार’ तसंच ठेवावं, विशेषनामासारखं. १९४९च्या अर्थाने विशेषण आलं तर ‘कंपनी फिटिंग’. ‘साठा’ कुठेच नको.

आता ‘फायद्याला आळा’. इथे दोन्ही शब्द घसरतात. ‘फायदा’ मराठी कानाला आधी नफा वाटतो. वाक्य वाचून असं वाटेल की श्रीमंत संघ पैसे कमावतात म्हणून कोणीतरी नाराज आहे. प्रश्न कमाईचा नाही. पैसा ट्रॅकवर वेगात बदलतो, हा आहे. त्याला ‘वरचष्मा’ म्हणावं. क्रियापद हवं असेल तर ‘पारडं जड होणं’. ‘आघाडी’ मात्र शर्यतीच्या लेखात टाळावी, कारण तिथे आघाडीचा अर्थ सरळ ‘सध्या पुढे असणं’ असाच घेतला जाईल.

‘आळा’ हा त्याहून धोक्याचा शब्द. आळा गैरप्रकाराला घालतात. काळाबाजार, भ्रष्टाचार, भेसळ यांच्या पंक्तीला तो बसतो. ज्या वादात ‘पैसा खर्चणं चूक आहे का’ हाच मुद्दा आहे, तिथे ‘आळा’ लिहिल्याने निकाल आधीच लागतो. आकडा असेल तिथे ‘मर्यादा’ लिहा. २००५ मध्ये अंतिम टप्प्यात पोचलेल्या १० चालकांपैकी ५ एकट्या जॅक राउश या मालकाच्या संघाचे होते, त्यानंतर एका मालकाला चारच गाड्या असं ठरलं: ही मर्यादा. २०२२पासून एका क्रमांकाच्या गाडीसाठी एका वेळी सातच सांगाडे ठेवता येतात: हीसुद्धा मर्यादा. पण ‘हा भाग ठरलेल्या पुरवठादाराकडूनच घ्यायचा आणि त्याला हात लावायचा नाही’ यात आकडा नाही. तो ‘निर्बंध’. एकाच लेखात हे दोन शब्द अदलाबदल करून वापरले तर वाचक गोंधळतो, कारण मर्यादेच्या आत राहून खर्च करता येतो, निर्बंधात तसं नसतं.

निर्बंध मोडला तर? २०२३ मध्ये शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीनंतर चालक चेस ब्रिस्कोच्या गाडीत इंजिनाखालच्या पॅनेलवरचा हवेचा डक्ट ठरलेल्या पुरवठादाराचा नसल्याचं आढळलं. १२० गुण कापले, क्रू चीफला, म्हणजे त्या गाडीच्या चमूच्या प्रमुखाला, अडीच लाख डॉलर दंड आणि सहा शर्यतींची बंदी. नॅसकारने वापरलेल्या ‘काउंटरफिट’ या शब्दाला ‘बनावट’ किंवा ‘नकली’ म्हणण्यापेक्षा आपला रोजचा ‘डुप्लिकेट पार्ट’ अगदी चपखल बसतो. त्याच वर्षी हेंड्रिक या बड्या संघाच्या चार गाड्यांच्या बॉनेटवरच्या झरोक्यांचं प्रकरण वेगळं होतं: तिथे भाग ठरलेल्याच पुरवठादाराचे, पण त्यांत बदल केलेला. त्याला डुप्लिकेट म्हणता येणार नाही. ‘छेडछाड केलेला भाग’ म्हणावं. अपिलात त्यांचे कापलेले गुण परत मिळाले, दंड कायम राहिला.

तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘पॅरिटी’, म्हणजे स्पर्धकांची ताकद सारख्या तोलाची असणं; खर्ड्यातलं ‘समतल मैदान’ त्याच्यासाठीच आलं. ‘समतल मैदान’ हे इंग्रजी वाक्प्रचाराचं शब्दशः रूप आहे. ट्रॅकच्या लेखात तर ते हमखास चुकीचं वाचलं जाईल, कारण या ट्रॅकची वळणं मुद्दाम उतरती बांधलेली असतात. ‘समानता’ सामाजिक न्यायाकडे नेते. ‘बरोबरी’ म्हटलं की सामना बरोबरीत सुटल्यासारखं वाटतं. मराठीत या जागेचा शब्द आहे ‘तुल्यबळ’, आणि त्याच्या मागे कुस्तीचा फड उभा आहे. जत्रेत जोड लावताना कारभारी एकसारखे दोन पैलवान शोधत नाहीत. एक उंच असेल, एक बुटका; एकाचा डाव पटाचा, दुसऱ्याचा धोबीपछाडचा. कुस्ती काट्याची व्हावी, एवढंच पाहतात.

‘एकसारखं’ आणि ‘तुल्यबळ’ यांतला हा फरक नॅसकारच्या वादाची खरी मेख आहे. २०२२ला आलेल्या नव्या गाडीने गाड्या जवळपास एकसारख्या केल्या. सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, बॉडीची पॅनेलं, चाकं, सगळं एकेका ठरावीक पुरवठादाराकडून. त्या मोसमात १९ वेगवेगळे चालक जिंकले. दुसऱ्याच वर्षात असलेला ट्रॅकहाउस हा संघ शर्यती जिंकू लागला आणि त्याचा रॉस चॅस्टेन अंतिम क्रमवारीत दुसरा आला. पण विजेतेपदं पाहा: २०२२, २०२३ आणि २०२४ ही तिन्ही पेन्स्कीकडे, २०२५चं हेंड्रिककडे. दोन्ही जुने, भरभक्कम संघ. वजनगट ठरवून दिला तरी खुराक ज्याचा त्याचा. इंजिनिअर, सिम्युलेटर, आकडेवारीचं विश्लेषण, पिट क्रूचा (शर्यतीतल्या थांब्यावर चाकं बदलणाऱ्या चमूचा) सराव या सगळ्यावर पैसा लागतोच, आणि भागांवरचा खर्च थांबला की तो तिकडे वळतो.

पिट गनचं, म्हणजे थांब्यावर चाकाचे नट सोडणाऱ्या-आवळणाऱ्या यंत्राचं, उदाहरण इथे सगळ्यात बोलकं आहे. जुन्या चाकाला पाच नट असत. चार चाकं बदलायची म्हणजे २० नट सोडायचे, २० आवळायचे. प्रत्येक नटामागे सेकंदाचा छोटासा अंश वाचला तरी बेरीज मोठी होई, म्हणून मोठे संघ स्वतःच्या गन बनवून घेत. लहान संघाला ते परवडणारं नव्हतं आणि प्रेक्षकाला ते दिसतही नव्हतं. २०१८ मध्ये नॅसकारने सगळ्यांना एकच गन द्यायला सुरुवात केली. पहिल्या काही आठवड्यांतच गन बिघडू लागल्या. एप्रिलमध्ये टेक्सासला केविन हार्विकने त्यापायी वेळ गमावला आणि जाहीर संताप व्यक्त केला. आधी ज्याचा पैसा कमी त्याचं नुकसान व्हायचं, आता ज्याच्या वाट्याला खराब गन त्याचं. २०२२ला चाक १८ इंची अ‍ॅल्युमिनियमचं झालं, नट एकच उरला आणि ४० वेळा नटाला गन लावायचं काम आठ वेळांवर आलं.

यावरून माझं मत स्पष्ट आहे: जो वरचष्मा चालकाच्या हातात नाही, प्रेक्षकाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि फक्त चेकबुकातून येतो, त्यावर नियम हवेत. भागांवरचे निर्बंध योग्य आहेत, मात्र दिलेला भाग चांगला असण्याची जबाबदारीही नियम करणाऱ्यावर येते. पिट क्रूचा सराव आणि इंजिनिअरची अक्कल यांना हात लावू नये. ते कौशल्य आहे, विकत घेतलेलं असलं तरी.

जाता जाता ‘चार्टर’. २०१६पासून ३६ गाड्यांना प्रत्येक शर्यतीत हमखास जागा देणारा हा करार आहे. ‘परवाना’ नको, कारण चार्टर नसला तरी साधारणपणे जास्तीत जास्त ४० गाड्यांच्या शर्यतीत उरलेल्या जागांसाठी प्रयत्न करता येतो. हक्क देणारी, विकता येणारी लेखी गोष्ट म्हणून ‘सनद’ हा आपला जुना शब्द पुरेपूर बसतो. फक्त ‘सनदी गाडी’ लिहू नये, सनदी अधिकाऱ्याची गाडी डोळ्यांपुढे येते. ‘सनद असलेली गाडी’ लिहावं.

तर विचारलेलं वाक्य असं करता येईल: ‘स्टॉक कार शर्यतींत लढती तुल्यबळ व्हाव्यात म्हणून श्रीमंत संघांचा वरचष्मा नियमांनी कमी करावा का?’ ‘कमी करावा’ इथे मुद्दाम आहे. ‘मर्यादित करावा’ म्हटलं की वाचक लगेच विचारणार, किती? आणि खर्चावर कमाल आकडा नॅसकारने अजून घातलेला नाही.