सहासष्ट टक्के हेट आणि सहा साधी पिल्लं

प्रश्न : डॉक्टर, गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एका विक्रेत्याकडून बॉल पायथन या विदेशी अजगराची मोठी मादी घेतली. दिसायला साधीच, पण ‘६६ टक्के हेट अल्बिनो’ म्हणून तिचे दुप्पट पैसे मोजले. मित्राच्या अल्बिनो नराशी जोडी लावली. सहा अंडी झाली, सहाही फुटली, पण सगळी पिल्लं साधी. ६६ टक्के म्हणजे सहातली चार तरी अल्बिनो यायला हवी होती ना? विक्रेता म्हणतो, ‘मी पॉसिबल म्हणालो होतो, पक्कं नाही.’ तो महाराष्ट्रात, मी कर्नाटकात. तक्रार करायची तर कुठं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : चार पिल्लांचा हिशेब आधी सोडून द्या, कारण तो आकडा पिल्लांचा नव्हताच. अल्बिनो म्हणजे अंगात काळा रंगच न बनणारा, पांढरा-पिवळा साप. हेट म्हणजे ज्याच्या अंगात अल्बिनोचं जनुक आहे पण रंगात दिसत नाही असा साप. अल्बिनो पिल्लू निघायला ते जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. आई आणि बाप दोघंही हेट असले की चार पिल्लांमागे सरासरी एक अल्बिनो, दोन हेट आणि एक निव्वळ साधं निघतं. अल्बिनो ओळखू येतं. उरलेली तीन सारखीच दिसतात आणि त्यांतली दोन हेट असतात. तीनात दोन, म्हणून ६६. तुमची मादी हेट असेल किंवा नसेल, मधलं काही नाही.

ती हेट असती तर अल्बिनो नराबरोबर प्रत्येक अंड्याला निम्मी शक्यता होती. सहाही साधी निघण्याची शक्यता मग ६४ मध्ये एक. आधीची दोन तृतीयांश शक्यता आणि हा निकाल एकत्र मांडला, तर ती हेट असण्याची शक्यता आता ३३ मध्ये एक एवढीच उरते. म्हणजे ती बहुधा हेट नाही. पण तेवढ्यावर विक्रेता खोटारडा ठरत नाही. तीनातली जी एक साधी असायचीच, ती तुमच्या वाट्याला आली असू शकते.

आणि हाही हिशेब नर-मादी एकाच जातीच्या अल्बिनोचे असले तरच लागू होतो. बॉल पायथनमध्ये साधा अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनो ही दोन वेगळी जनुकं आहेत. मादी लॅव्हेंडरची हेट आणि मित्राचा नर साधा अल्बिनो असेल, तर पिल्लं साधीच येणार, कितीही अंडी घातली तरी. जाहिरातीत नुसतं ‘अल्बिनो’ लिहिलं होतं का, हे आज रात्रीच जुने मेसेज काढून बघा. अशा अर्धवट वर्णनांमुळे झालेली भांडणं माझ्या शहापूरच्या दवाखान्यापर्यंत येतात आणि दर वेळी मला विक्रेत्याचा राग येतो. दोन शब्द जास्त लिहायला त्याला काही खर्च नसतो.

आता मुद्द्याचं. ६६ टक्के लिहिताना विक्रेत्याने तुम्हाला एक ठाम गोष्ट सांगितली आहे : हिचे आईबाप दोघेही हेट होते. ‘पॉसिबल’ हा शब्द मादीला लागू आहे, आईबापांना नाही. म्हणून अंड्यांवरून वाद घालू नका, आईबापांचा पुरावा मागा. ते हेट आहेत हे त्याला कशावरून कळलं? त्याच अंड्यांतून एखादं तरी अल्बिनो पिल्लू निघालं होतं का? फोटो आहेत? एक जरी अल्बिनो भावंड दाखवलं, तर तो खरं बोलला असं माना. काहीच दाखवता आलं नाही, तर दुप्पट किमतीला आधार नव्हता. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १५ सांगतं. हवं तर मादीची कात जपून ठेवा. कातीवरून जनुक तपासणाऱ्या प्रयोगशाळा परदेशात आहेत.

दोन राज्यांच्या कचेऱ्यांची आपल्या सीमाभागातल्या माणसाला कायम धास्ती असते, पण इथं ती नको. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी बेळगाव. कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या हेल्पलाइनला फोन करून पाहा. एक अडचण मात्र आहे. पिल्लं विकून नफा कमावण्यासाठी मादी घेतली असं दिसलं, तर तुम्ही ग्राहकच नाही असा बचाव समोरचा घेईल. आणि केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर मादीची नोंद केली आहे ना? २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत ती करायची असते. सहा पिल्लांचीही कळवायला हवी. ते कागद नसतील तर आधी तेवढं उरका.

प्रश्न : मुलासाठी ‘इंपोर्टेड सल्काटा’ म्हणून कासव घेतलं. पाठीवर पिवळ्या चांदण्या आहेत. शेजारी म्हणतात हे सल्काटा नव्हे. पैसे परत मागू का?
– एक आई, खानापूर

उत्तर : ताई, शेजारी बरोबर बोलताहेत. आफ्रिकेतल्या सल्काटाची पाठ मातकट, एकरंगी असते. काळसर पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या हे आपल्याकडच्या तारा कासवाचं लक्षण आहे आणि तारा कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतं. ते बाळगणं हाच गुन्हा आहे. शिक्षा तीन ते सात वर्षं आणि किमान २५ हजार दंड. विक्रेत्याने ‘इंपोर्टेड’ का लिहिलं ते आता लक्षात आलं असेल.

पैशांच्या बदल्यात कासव त्याच्या हवाली करू नका, तो ते दुसऱ्या घरी विकेल. मलप्रभेकाठी किंवा भीमगडच्या जंगलातही सोडू नका. हे कोरड्या माळाचं जनावर आहे, खानापूरच्या पावसात टिकणार नाही. ओळखीच्या वकिलाला बरोबर घ्या, ते कसं घेतलं हे लेखी अर्जात मांडा, विक्रेत्याचे मेसेज आणि पैसे दिल्याचा पुरावा जोडा आणि कासव वनखात्याकडे देऊन पोच घ्या. तोवर कोरड्या खोक्यात ठेवा आणि मुलाला खरं कारण सांगा.