ॲपर्चर, शटर स्पीड, आयएसओ म्हणजे नक्की काय? नवा कॅमेरा घेतलाय, अजून ऑटोवरच फोटो काढतोय.

तिन्हींच्या व्याख्या पाठ करत बसू नका. आधी ‘स्टॉप’ समजून घ्या, कारण कॅमेऱ्यातला सगळा हिशोब त्यातच चालतो. एक स्टॉप वाढवला की फोटो दुप्पट उजळ, एक कमी केला की निम्मा. एवढंच.

शटर स्पीड म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा भाग) प्रकाश किती वेळ पडू द्यायचा ते. १/६० सेकंदाचं १/१२५ केलं की वेळ निम्मा, म्हणजे एक स्टॉप गेला. आयएसओ ४०० चा ८०० केला की एक स्टॉप मिळाला. पण आयएसओने प्रकाश जास्त आत येत नाही, आलेला सिग्नलच वाढवला जातो. अंधारात काढलेल्या फोटोत दाणे दिसतात ते यामुळे जास्त डोळ्यांत भरतात.

ॲपर्चर म्हणजे लेन्समधल्या पात्यांच्या मधलं भोक. इथे आकडा लहान तेवढं भोक मोठं, आणि नवखे हमखास अडखळतात ते इथेच. तो आकडा ‘एफ’ लावून लिहितात आणि तो भागाकारातून येतो: फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सवर एफ २ म्हणजे २५ मिमीचं भोक, एफ १६ म्हणजे जेमतेम ३ मिमी. रांग अशी: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. दर पायरीला प्रकाश निम्मा.

आता हे घरात वापरून बघू. संध्याकाळी दिवे लावलेत, पोरगं खोलीभर पळतंय. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची झूम लेन्स ५५ वर नेलीत तर ती एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ ४०० आहे आणि कॅमेरा १/३० सेकंद मागतोय. पोराचे हातपाय पुसट येणार. निदान १/२५० तरी हवं, म्हणजे तीन स्टॉप कुठून तरी आणायचे. आयएसओ ३२०० करा (८००, १६००, ३२००), नाहीतर ५० मिमी एफ १.८ लेन्स लावून एफ २ वर या (४, २.८, २). दुसऱ्या मार्गात फोटो स्वच्छ येतो, पण फोकसची पट्टी इतकी अरुंद होते की डोळा स्पष्ट आणि कान धूसर. पळत्या पोराच्या बाबतीत मी सरळ आयएसओ वाढवतो. दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही.

‘मॅन्युअल मोडशिवाय खरा फोटोग्राफर नाही’ हा हट्ट मला पटत नाही. ॲपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा (डायलवर ए किंवा एव्ही): ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा बघतो. धबधबा, ढोल-ताशा असं काही असेल तेव्हा शटर प्रायॉरिटी.

सोबत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण शोधून ठेवा, त्यावर प्लस-मायनसची खूण असते. समोर काय आहे ते कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला कळत नाही, तो सगळ्याला मध्यम करडं धरून चालतो. त्यामुळे वारीत पांढऱ्या सदऱ्या-टोप्यांनी फ्रेम भरली की फोटो मळकट येतो. तिथे प्लस एक द्या. काळ्या म्हशी असतील तर उलट, मायनस एक.