नागपूर–शिकागो आणि स्टार अलायन्सचा आग्रह

प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा वर्षा-दोन वर्षांनी नागपूरहून शिकागोला मुलीकडे जातात. एजंटचा आग्रह आहे की सगळी विमानं स्टार अलायन्सचीच (म्हणजे एकमेकांशी भागीदारी केलेल्या विमान कंपन्यांच्या त्या नावाच्या गटाचीच) घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. खरंच फायदा होतो का?

वर्षातून एकदा जाणाऱ्याला अलायन्सचा फायदा फार थोडा होतो. अडचणीच्या वेळी उपयोगी पडतं ते एकच तिकीट. बहुतेकांची गल्लत इथेच होते, म्हणून आधी तेच बघू.

समजा नागपूर–मुंबई एअर इंडिया, मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्सा आणि फ्रँकफर्ट–शिकागो युनायटेड असा प्रवास आहे. तिन्ही कंपन्या स्टार अलायन्सच्या. हे सगळं एका तिकिटावर असेल आणि नागपूरचं विमान उशिरा सुटून पुढचं चुकलं, तर शिकागोपर्यंत पोचवण्याची जबाबदारी कंपन्यांची राहते. नवं तिकीट काढावं लागत नाही. तेच नागपूर–मुंबई वेगळं काढलं असेल, तर लुफ्तान्साच्या लेखी प्रवासी आलाच नाही. त्या तिकिटाचा पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे टप्पे, परतीचेसुद्धा, रद्द होऊ शकतात. दोन्ही कंपन्या एकाच अलायन्सच्या आहेत एवढ्यावर इथे काही मागता येत नाही.

तिकीट एकच आहे हे पीएनआरवरून (बुकिंगच्या सहा अक्षरी कोडवरून) ठरवू नका. एका पीएनआरमध्ये दोन वेगळी तिकिटं बसवता येतात आणि स्वस्त पडतं म्हणून काही एजंट तसं करतातही. ई-तिकिटाचा १३ आकडी नंबर बघा. एका तिकिटात चारच टप्पे मावतात, त्यामुळे जाऊन-येऊन सहा टप्प्यांना लागोपाठचे दोन नंबर दिसतील; ते एकच तिकीट समजायचं. पहिले तीन आकडे तिकीट कोणाचं ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, २२० लुफ्तान्सा, ०१६ युनायटेड, १५७ कतार. तारीख बदलणं, रिफंड हे सगळं त्याच कंपनीकडे (किंवा एजंटमार्फत) करावं लागतं. विमान दुसऱ्या कंपनीचं असलं तरी तिचा काउंटर "ज्यांचं तिकीट त्यांच्याकडे जा" असंच सांगेल. प्रत्येक कंपनीचा आपला वेगळा पीएनआरही असतो. सीट, जेवण आणि विशेषतः व्हीलचेअर यांसाठी विमान प्रत्यक्ष चालवणाऱ्या कंपनीचा पीएनआर मागून घ्या आणि निघण्याच्या किमान ४८ तास आधी तिन्ही कंपन्यांकडे व्हीलचेअरची नोंद पोचली आहे का ते विचारा. एका कंपनीकडची विनंती पुढच्या कंपनीकडे पोचायला हवी, पण ती अधेमधे गळते.

सामान: तिकिटावर २पीसी लिहिलं असेल तर दोन बॅगा. भारत–अमेरिका मार्गावर इकॉनॉमीत त्या सहसा २३-२३ किलोच्या असतात आणि एका तिकिटावर हाच नियम नागपूरपासून लागू होतो. वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर मात्र साधारण १५ किलोच मिळतात. म्हणजे माणशी सुमारे ३१ किलोचं जादा शुल्क नागपूरलाच भरायचं. दोघांचा हिशोब केला तर स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे तिथेच संपतात.

आता अलायन्सने खास असं काय मिळतं? लाउंज, वेगळी रांग, एक बॅग जास्त (किलोचा हिशोब असेल तिथे २० किलो जास्त). हे सगळं गोल्ड दर्जाला, म्हणजे एकाच कंपनीच्या सदस्यत्व खात्यावर भरपूर उडणाऱ्यांना मिळणाऱ्या वरच्या दर्जाला; सिल्व्हर त्याखालचा. सिल्व्हरला अलायन्सभर मिळतं ते वेटलिस्टमध्ये थोडं प्राधान्य, बस. आणि गोल्ड होणं सोपं नाही. क्रिसफ्लायरमध्ये (सिंगापूर एअरलाइन्सच्या सदस्य योजनेत) १२ महिन्यांत ५० हजार एलीट माइल्स, म्हणजे दर्जासाठी मोजले जाणारे प्रवासाचे मैल, लागतात. मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो जाऊन-येऊन सतरा हजारांच्या आसपास होतात, तेही पूर्ण जमा झाले तर. स्वस्त बुकिंग क्लासवर (इकॉनॉमीतल्याच कमी भाड्याच्या गटावर) भागीदार कंपनीच्या खात्यात कधी पाव भाग जमा होतो, कधी शून्य. म्हणून आई-बाबांनी गोल्डच्या मागे लागू नये. कामानिमित्त महिन्या-दोन महिन्यांनी उडणाऱ्याची गोष्ट वेगळी; त्याने सगळे माइल्स एकाच खात्यात टाकावेत, अलायन्सचा खरा लाभ त्यालाच होतो. त्यातही फटी आहेत. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्ड सदस्याला अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात त्या जोरावर युनायटेडचं लाउंज मिळत नाही.

भाड्याचं गणित दुहेरी आहे. दोन असंबंधित कंपन्या जोडून प्रवास विकतात तेव्हा दोघी आपापला नफा वेगळा धरतात. भागीदार असल्या की एकत्र हिशोब करून भाडं उतरवू शकतात. ब्रुकनर आणि व्हेलन यांच्या २००० सालच्या अभ्यासात अशी जोडभाडी बिगरभागीदारांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी आढळली होती. पण फ्रँकफर्ट–शिकागोसारख्या मार्गावर, जिथे लुफ्तान्सा आणि युनायटेड दोघीही उडतात, तिथे गिऱ्हाइकाचं नुकसान होऊ शकतं. अटलांटिकवर या दोघी आणि एअर कॅनडा यांचा संयुक्त व्यवसाय आहे, त्यासाठी स्पर्धा कायद्यातून सूट घेतलेली आहे, भाडी एकत्र ठरतात. स्क्रीनवर दोन नावं दिसली तरी गल्ला एकच. भाव खरोखर ताडून बघायचा तर दुसऱ्या गटाशी किंवा एमिरेट्ससारख्या कोणत्याच गटात नसलेल्या कंपनीशी ताडून बघा.

उशिराची भरपाई हा दुर्लक्षित मुद्दा. युरोपीय नियमानुसार ३,५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मिळते (खराब हवामानासारखी कारणं वगळून). मुंबईहून निघताना मात्र विमान प्रत्यक्ष युरोपीय कंपनीनेच चालवलेलं असावं लागतं. नंबर लुफ्तान्साचा आणि विमान एअर इंडियाचं असेल, तर मुंबईहून जाताना हा हक्क नाही. तिकिटावरची 'ऑपरेटेड बाय' ही बारीक ओळ म्हणूनच वाचायची.

कधीकधी झुरिच आणि मग फ्रँकफर्ट असे दोन थांबेही विकले जातात. तसं तिकीट घेऊ नका. झुरिच–फ्रँकफर्ट हा शेंगेनच्या (एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) आतला प्रवास आहे, त्यामुळे झुरिचलाच इमिग्रेशन होतं आणि भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा तिथे चालत नाही. मुंबईच्या काउंटरवरच परत पाठवतील.

तुमच्या आई-बाबांसाठी मी आधी कतार एअरवेज बघेन: नागपूर–दोहा–शिकागो. कतार वनवर्ल्ड या दुसऱ्या अलायन्समध्ये आहे, पण इथे त्याचा संबंध नाही. एकच कंपनी, एकच थांबा, बॅग थेट शिकागोला हातात. येताना कस्टम्सही नागपूरलाच. मुंबईमार्गे आलात तर सहसा मुंबईत बॅगा उचलून, कस्टम्स करून पुन्हा द्याव्या लागतात, आणि सत्तरीच्या माणसांना रात्रीच्या जागरणानंतर ते फार जड जातं. नागपूर–दोहा रोज असेलच असं धरू नका, वार आणि दोहातला थांबा बघा. तीन ते पाच तास असेल तर उत्तम.

स्टारचा मार्ग यापेक्षा बराच स्वस्त मिळाला तरच तो घ्या, तोही नागपूरपासून एका तिकिटावर. फ्रँकफर्टला ४५ मिनिटांचं कनेक्शन नियमात बसतं म्हणून विकतात. व्हीलचेअर असेल तर अडीच तासांपेक्षा कमी घेऊ नका. आणि शिकागोला बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी शेवटच्या विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. फुटलेल्या-फाटलेल्या बॅगेसाठी ७ दिवस आणि उशिरा आलेल्या बॅगेसाठी ती हातात पडल्यापासून २१ दिवस एवढीच लेखी दाव्याची मुदत असते.