बायोस्टॅट डोक्यात शिरत नसेल तर आधी माणसं मोजा

तुमची अडचण मला समजली ती अशी: फिजिओथेरपीचं पहिलं वर्ष, त्यात बायोस्टॅट म्हणजे आरोग्यशास्त्रातलं संख्याशास्त्र, गणिताशी शाळेनंतर संबंध नाही, सूत्रं पाठ आहेत पण कुठलं कुठे लावायचं ते उमगत नाही, आणि पी-व्हॅल्यूचा अर्थ कुणी विचारला की बोबडी वळते. शिवाय सॉफ्टवेअर कोणतं शिकू, हे विचारलंय. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतोय. माझ्या मते सूत्रांची वही सध्या मिटून ठेवा आणि चार घरांचा एक तक्ता पक्का करा. आरोग्यशास्त्रातले निम्मे प्रश्न शेवटी ‘किती जणांपैकी किती’ एवढेच असतात.

तक्त्यासाठी खरे आकडे घ्या. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन कितपत चालतं हे पाहायला ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक चाचणी घेतली; ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. ५५ रुग्णांना औषध आणि अंथरुणात विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक संख्यांवरून ठरवलं होतं. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४.

आता कागदावर चार घरं आखा: वर औषधवाल्यांतले दगावलेले ४ आणि वाचलेले ५१, खाली दुसऱ्या गटातले १४ आणि ३८. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ७ टक्के, न घेणाऱ्यांत २७. इथून एकाच गोष्टीची तीन उत्तरं निघतात. भागाकार केला तर धोका ७३ टक्क्यांनी घटला. वजाबाकी केली तर शंभरामागे साधारण २० मृत्यू टळले. उलटून पाहिलं तर पाच जणांना औषध दिलं की एक जीव वाचतो. तिन्ही बरोबर आहेत, पण जाहिरातीत नेहमी पहिलंच दिसेल. का, ते पाहा: एखाद्या आजारात मुळात हजारात दोघेच दगावत असतील, तर तीच ७३ टक्के घट म्हणजे हजारामागे जेमतेम दीड जीव. टक्के तेच, माणसं किती कमी! कुठलाही शोधनिबंध वाचताना ‘मुळात धोका किती होता’ हे आधी शोधायची सवय इथेच लावून घ्या.

पी-व्हॅल्यूही याच तक्त्यातून कळते. क्षणभर धरून चला की औषध अगदी निरुपयोगी होतं. मग दगावलेले १८ जण कुठल्याही गटात असते तरी दगावलेच असते. १०७ चिठ्ठ्या करा, १८ वर फुली मारा, पिसा आणि ५५ उचला. त्यात फुल्या साधारण नऊच्या आसपास येतील. चारच येणं, किंवा दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला इतका अथवा याहून मोठा फरक पडणं, शंभर खेपांत जेमतेम एखाद्या वेळी घडेल. ते ‘जेमतेम एखाद्या वेळी’ म्हणजेच पी-व्हॅल्यू. औषध निरुपयोगी असण्याची शक्यता एक टक्का आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. निरुपयोगी आहे हे तर आपण सुरुवातीलाच गृहीत धरलं होतं. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त मुलं इथेच घसरतात. चिठ्ठ्या खरोखर करा, पोरकट वाटलं तरी.

पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा, म्हणजे शंभरात पाचपेक्षा, कमी आली की फरक खरा मानायचा, ही रेषा संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली होती. निसर्गात ती कुठे आखलेली नाही. म्हणून पी-व्हॅल्यूच्या शेजारचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, वाचायला शिका. आपल्या उदाहरणात तो शंभरामागे सुमारे ६ ते ३४ मृत्यू टळले, असा येतो. औषधाचा उपयोग आहे, पण किती हे एवढ्याशा रुग्णांवरून ठामपणे सांगता येत नाही, हे त्या दोन आकड्यांतच दिसतं.

स्क्रीनिंग टेस्टची गणितंही टक्क्यांत करू नका, हजार माणसं घ्या. आजार १० जणांना, टेस्टची सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९० टक्के, स्पेसिफिसिटी (निरोग्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं) ९१. आजारी १० पैकी ९ पॉझिटिव्ह येतील, निरोगी ९९० पैकी ८९. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ९८ पैकी खरे आजारी फक्त ९. तीच टेस्ट जिथे हजारात ३०० जण आजारी आहेत अशा ओपीडीत वापरली, तर ३३३ पॉझिटिव्हपैकी २७० खरे. टेस्ट बदलली नाही, समोरची माणसं बदलली.

स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यांची गल्लत होते असं तुम्ही लिहिलंय. पहिलं सांगतं माणसं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. दुसरं, तुमची सरासरी किती डळमळीत आहे. नमुना चौपट केला की दुसरं निम्मं होतं, पहिलं होतं तिथेच राहतं. दुसरा आकडा नेहमी लहान असतो, म्हणून आलेखात तोच छापायचा मोह होतो. आलेखावरच्या रेघा नेमक्या कशाच्या आहेत ते खाली तपासा.

कुठली टेस्ट लावायची, याचा तक्ता पाठ करण्यापेक्षा दोन प्रश्न विचारा: मोजलंय काय, आकडा की हो-नाही? आणि गट वेगवेगळ्या माणसांचे आहेत की त्याच माणसांचे आधी-नंतरचे? पहिल्या वर्षाचं बरंचसं यात भागतं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर वरची गणितं आधी हाताने, मग स्प्रेडशीटमध्ये. त्यानंतर जामोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे आणि कोड लिहावा लागत नाही. आर (R) ही कोड लिहून वापरायची भाषा शिकायची घाई पहिल्या वर्षाला नको, प्रोजेक्टच्या वेळी लागलं तर बघू.