वही मिटून सांगून बघ

प्रिय मुली,

परवा टेस्टचे मार्क बघून तू म्हणालीस, सर खानापूरहून येता जाता बसमध्ये रोज वाचते तरी पेपरात काही आठवत नाही, ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायलोय. तुझी मेहनत कमी नाही, हे आधी सांगतो. पण तू वाचायलीस, परत तेच वाचायलीस, हायलायटरने पानं पिवळी करायलीस, आणि पान ओळखीचं झालं की मनाला वाटतं आता आलं, तिथंच घात होतो बघ.

२००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा परत परत वाचला, काहींनी वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. ५ मिनिटांनी टेस्ट घेतली तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. तुझी परीक्षा ५ मिनिटांनी नसते, सेमिस्टरच्या शेवटी असते.

म्हणून एक टॉपिक वाचलास की वही मिट आणि कोऱ्या कागदावर लिही, अडशील, त्रास होईल, होऊ दे, जिथं अडलीस तेवढंच परत उघडून बघायचं.

अजून एक मनापासून सांगायचंय. तुझे काका बेळगावच्या उद्यमबागमधल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओततात त्या कारखान्यात, मोल्डिंग करतात, रेतीचे साचे बनवतात ना, मग फिजिक्स तुझ्या घरातच आहे की. ते रेती मुठीत दाबून बघतात ते कशासाठी, विचारलंस कधी? रेतीत ओलावा किती आहे ते बघायला. साच्याच्या रेतीत ३-४ टक्के पाणी लागतं, त्याहून फार जास्त झालं आणि वरून १३०० डिग्रीच्या पुढचं लोखंड ओतलं की पाण्याची वाफ होते, १०० डिग्रीलाच वाफ पाण्याच्या १६०० पट जागा मागते, इथं तर ती आणखी तापते आणि फुगते, बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, घुसते आणि ब्लो होल, म्हणजे आत पोकळ भोकं, पडतात, माल रिजेक्ट. तुझ्या पुस्तकातलं वायूंचं प्रकरण हेच आहे. काका शाळा किती शिकले ते मला माहीत नाही, पण त्यांच्या हाताला जे कळतं ते मला मोलाचं वाटतं, आणि तुलाही वाटावं.

वर्गात सगळं इंग्लिशमध्ये चालतं म्हणून तू शंका विचारत नाहीस, गप्प बसतेस, ते मला दिसतं गं. शनिवारी लॅब सुटली की स्टाफरूममध्ये ये, वही न आणता. लेटंट हीट, म्हणजे सुप्त उष्णता, तू मला शिकवायची, आपल्या मराठीत, मध्ये कन्नड शब्द आला तरी चालेल, आणि एकदा नीट सांगून झालं की तेच इंग्लिशमध्ये कसं लिहायचं ते दोघं मिळून बघू. येताना काकांना एवढं विचारून ये, साच्यात रायझर नावाची जादा लोखंडाची पोकळी कशाला ठेवतात आणि ती लहान पडली तर काय होतं.

तुझे सर