गुडघ्याखालच्या कृत्रिम पायाला पट्टा, पिन की सक्शन? सोलापुरात राहणाऱ्या वडिलांसाठी काय घ्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील ६१ वर्षांचे आहेत, शुगरमुळे गुडघ्याखालून पाय काढला त्याला सहा महिने झाले, किराणा दुकान आहे, आणि सेंटरवाल्यानं "पिन घ्या नाहीतर सक्शन घ्या" म्हणून कोटेशन हातात ठेवलंय. मी डॉक्टर नाही, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. २०११ साली माझा डावा पाय गेला. तेव्हापासून पट्टा, पिन आणि सक्शन, तिन्ही अंगावर वापरून झालंय. त्यावरून सांगतो.

सेंटरमध्ये दोन दांड्यांच्या मधून चालवून बघतात आणि "बसला पाय" म्हणतात. पण सस्पेंशन, म्हणजे कृत्रिम पाय अंगाला धरून ठेवणारी सोय, फसतं ते चालताना नाही, बसताना आणि घामात. वडिलांचा दिवस जातो कुठं? गादीवर, मांडी घालून. आणि गाव कुठलं? सोलापूर. निवड इथूनच सुरू करा, कोटेशनच्या आकड्यापासून नको.

उरलेला पाय, म्हणजे स्टंप, ज्या साच्यात बसतो ते सॉकेट. सॉकेट म्हणजे खोगीर धरा, सस्पेंशन म्हणजे ते आवळणारा तंग. पाऊल उचललं की कृत्रिम पायाचं वजन खाली ओढतं आणि स्टंप सॉकेटमध्ये वरखाली होतो. टेक्निशियन त्याला पिस्टनिंग म्हणतात. फोड येतात ते त्या घासण्यानं. शुगरवाल्याला फोड आलेला पुष्कळदा कळतच नाही, म्हणून तुमच्याकडं हा विषय माझ्यापेक्षा नाजूक आहे.

माझा पहिला पाय शिबिरातला, जयपूर फूट, फुकट मिळालेला. गुडघ्याच्या वाटीवरून आवळायचा पट्टा. पिस्टनिंग भरपूर, दिवसाला दोनतीनदा पट्टा ओढायचा. पण हवा खेळायची, मांडी घालता यायची, आणि पट्टा तुटला तर कोपऱ्यावरचा चांभार दहा मिनिटांत शिवून द्यायचा. चार वर्षं काढली मी त्याच्यावर. पट्ट्याला नावं ठेवणारे बहुतेक दिवसभर खुर्चीत बसणारे असतात!

मग पिन. यात सिलिकॉनचं किंवा जेलचं लायनर, म्हणजे जाड मोज्यासारखं आवरण, थेट कातडीवर गुंडाळत चढवायचं. त्याच्या टोकाला दातेरी पिन असते, ती सॉकेटच्या तळातल्या लॉकमध्ये टकटक वाजत बसते. तो आवाज ऐकला की मनाला धीर येतो. काढताना आतल्या बाजूचं बटण दाबलं की पाय मोकळा, गादीवर बसणाऱ्याला ही मोठी सोय. पण त्यात एक गोम आहे. पिन लायनरला धरून ठेवते, तुम्हाला नाही. तुम्हाला धरतं ते लायनर, आणि लायनर धरतं कातडीला.

मे महिना, पारा ४२-४३, दुपारी दोनला नवी पेठेत रिक्षातून उतरलो. पाय खाली टेकवला तर वाटलं, खड्डा आहे. खड्डा नव्हता. आत घामाचं पाणी साठून लायनरच चार बोटं खाली सरकलं होतं. पिन लॉकमध्ये जागच्या जागी, पाय माझा नाही. रिक्षावाल्यानं काखेत धरलं. दुकानाच्या पायरीवर बसून लायनर उलटं केलं तर त्यातून चहाच्या कटिंगएवढं पाणी निघालं. तेव्हापासून उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीत लायनर काढतो, स्टंप आणि लायनर दोन्ही पुसतो, पुन्हा चढवतो. पाच मिनिटांचं काम आहे. पावडर मात्र आत टाकू नका, पकडच जाते.

पिनची दुसरी तक्रार अशी की पाऊल उचललं की सगळा ओढा स्टंपच्या टोकावर येतो. टोकाची कातडी ताणते, काहींची लालजांभळी पडते. रक्तपुरवठा कमी असलेल्या पायाला पिन लावायची असेल तर सर्जनला दाखवून मगच. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. लायनर तिरकं चढलं तर पिन भोकात जातच नाही. शुगरमुळे बोटं बधिर झाली असतील किंवा नजर कमी असेल तर रोज सकाळी ही झटापट होणार.

म्हणून सेंटरला लॅनयार्डबद्दल विचारा. पिनऐवजी लायनरच्या टोकाला पट्टी किंवा दोरी असते. ती सॉकेटच्या तळातल्या भोकातून बाहेर काढायची, बसल्या बसल्या ओढायची आणि बाहेर वेल्क्रोनं पक्की करायची. नेम धरावा लागत नाही. टोकावर ओढा इथंही येतो आणि टकटकही नाही, पण डोळे मिटून जमतं. आपल्याकडं हे सहसा दाखवत नाहीत, मागावं लागतं.

सक्शन मी गेली तीन वर्षं वापरतोय. सॉकेटला एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. वजन टाकलं की हवा बाहेर जाते, आत येत नाही. वरून मांडीपर्यंत स्लीव्ह, म्हणजे घट्ट बाही, नाहीतर लायनरलाच रबरी कडी असते. पिस्टनिंग सगळ्यात कमी, पाय आपलाच वाटतो. पण माझ्या स्लीव्हला गुडघ्यापाशी टाचणीएवढं भोक पडलं आणि भर ऑफिसात पाऊल टाकलं की फुस्स, फुस्स. आजूबाजूचे भलताच अर्थ घ्यायचे. शिवाय मांडी घातली की स्लीव्हची घडी गुडघ्यामागं गोळा होते, तासाभरात तिथं आग होते. व्हॅक्यूमवाल्यात शिवाय हवा ओढून घेणारा पंप असतो, तो सील आणखी पक्कं धरतो. खर्चही तसाच. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही.

कारण सहा महिन्यांचा स्टंप अजून आटतोय. वर्षभर तरी आकार बदलत राहतो. आटला की मोजे वाढवायचे, सकाळी एक, संध्याकाळी दोन. पट्टा, पिन, लॅनयार्डमध्ये हे चालतं. कडीवाल्या लायनरमध्ये कडीवर मोजा आला की सील गेलंच. आज महागडं सक्शन घेतलं तर काही महिन्यांत सॉकेट ढगळ होईल आणि पैसे पाण्यात.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या सॉकेटला लॅनयार्ड घेतलं असतं. हात आणि नजर धड असेल, सर्जनची हरकत नसेल, तर पिन. लायनर दोन घ्या, एक वाळत असताना दुसरं पायात. रोज साध्या साबणानं धुवायचं. नळाला चार दिवसांआड पाणी येत असलं तरी तेवढ्याला दोन तांबे पुरतात. वाळवायचं सावलीत. चढवणाऱ्याची नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली. रात्री आरशात स्टंपचं टोक बघायचं, वडिलांना दिसत नसेल तर तुम्ही बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही, सेंटरला फोन करायचा.

आणि ट्रायलला जाताना दुकानातली गादी रिक्षात टाकून न्या. सेंटरवाला हसेल, हसू द्या. सॉकेटच्या काठाशी लायनरवर पेनानं रेघ मारायला सांगा, मग वडिलांना अर्धा तास गादीवर बसवा, उठवून चालवा, पाय अधांतरी धरा आणि रेघ किती वर सरकली ते बघा. बोटभर सरकली तर पैसे देऊ नका.