मुलगी मितभाषी आहे, वकिली जमेल का?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे आणि वकील व्हायचं म्हणते. पण तिचा स्वभाव शांत, चार माणसांत आवाज निघत नाही. जमिनीच्या दाव्यात माझी उलटतपासणी झाली होती, तेव्हा समोरच्या वकिलांनी मला भंडावून सोडलं होतं. हिला हे कसं झेपायचं? – एक पालक, बार्शी

उत्तर : नमस्कार. तुम्हाला भंडावलं ते आवाजाने की कागदाने, हे जरा आठवून पाहा. बहुतेक वेळा ते काम कागदच करतो.

ज्या पक्षाचा साक्षीदार, त्याचे वकील आधी सरतपासणी घेतात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतात. मग विरुद्ध पक्षाची उलटतपासणी, आणि गरज पडली तर पहिल्या वकिलांकडून पुन्हा फेरतपासणी. 1872चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हा क्रम तोच आहे. एरवी आपल्याच साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालता येत नाही. उलटतपासणीत मात्र सूचक प्रश्न, म्हणजे उत्तर प्रश्नातच सुचवणारे प्रश्न, चालतात. म्हणून तर साक्षीदाराने नाकारलेल्या अशा प्रश्नांची 'असे म्हणणे खरे नाही की...' ही वाक्यं साक्षीच्या कागदावर ओळीने दिसतात. आपली बाजू साक्षीदाराला सुचवावी लागते. तो नाकारणार हे ठाऊक असलं तरीही, कारण न विचारलेली गोष्ट पुढे युक्तिवादात मांडायला गेलं की अडचण होते.

समजा, पोलिसांकडच्या जबाबात साक्षीदार म्हणाला, 'अंधार होता, चेहरा दिसला नाही.' कोर्टात मात्र त्याने आरोपीला ओळखलं. मुरलेला वकील इथे ओरडत नाही. जबाबातला तेवढाच मजकूर साक्षीदाराला दाखवतो, 'हे तुम्ही सांगितलं होतं का?' एवढंच विचारतो. साक्षीदार नाही म्हणाला तर त्या भागावर खूण करून घेतो आणि पुढे तपास अधिकाऱ्याकडून तो शाबीत करून घेतो. नवखा वकील मात्र इथे न राहवून 'मग आता कसं ओळखलंत?' असं विचारून बसतो आणि साक्षीदाराला खुलाशाची आयती संधी देतो. कुठे थांबायचं हे शांत माणसाला लवकर उमगतं, असं माझं मत आहे. अपमान करायला किंवा नुसता त्रास द्यायला विचारलेला प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात, तेव्हा आरडाओरडा हा काही या धंद्याचा गुण नव्हे.

तिची खरी परीक्षा वाचनाची आहे. पोलिसांचं दोनशे पानांचं दोषारोपपत्र (चार्जशीट) कंटाळा न करता दोनदा वाचेल का? त्यातली तारखेची चूक तिच्या डोळ्यांना खटकेल का? हे घरी तुम्हालाच कळेल. आणि मराठी पक्कं हवं, कारण आपल्या जिल्हा-तालुका न्यायालयांत साक्ष बहुधा मराठीतच होते. इंग्रजी निकाल वाचण्यासाठी लागेलच.

बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी राज्याची विधी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा. पदवी करून तीन वर्षांचा मार्गही मोकळा आहे. अर्ज भरण्याआधी तिला तालुक्याच्या कोर्टात एक दिवस मागच्या बाकावर बसवा. काही नाजूक खटले सोडले तर सुनावणी सगळ्यांना खुली असते. संध्याकाळी तिला विचारा, कोणता प्रश्न विचारायला नको होता. ती काय उत्तर देते ते मला कळवा.